लग्नापर्यंत पुरवायची नजर

मी ज्या प्रयोगशाळेत काम केलं, तिथली एक खोली कायम अंधारी ठेवलेली असे. दाराला आतून-बाहेरून काळे पडदे आणि आत एकच तांबडा बल्ब. उंदरांच्या डोळ्यांना तांबडा उजेड जवळजवळ जाणवत नाही, म्हणून आम्ही त्या उजेडात वावरायचो. ते आम्हाला दिसायचे, आम्ही त्यांना नाही. पिंजऱ्याजवळ गेलं की ते नाक वर करून हवेचा वास घ्यायचे आणि बरोबर माझ्या तोंडाकडे तोंड करून थांबायचे. बाहेर येताना मला दर वेळी वाटायचं, कुणीतरी माझ्या पाठीकडे बघतंय आणि बघणाऱ्याला डोळे नाहीत.

ते उंदीर जन्माबरोबरच एक रोग घेऊन येत. डोळे उघडत तेव्हा त्यांना दिसे. मग थोड्याच आठवड्यांत डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या पेशी मरू लागत. माझं काम त्या मरणाचं होतं. आधी कोणत्या मरतात, मागून कोणत्या, आणि त्यांना थांबवता येतं का. जखम होऊन मरणारी पेशी फुटते, भोवती सूज येते. या पेशींचं तसं नव्हतं. त्या आतून ठरवल्यासारख्या मरत. स्वतःच्या गाभ्याचे स्वतःच तुकडे करत, आकसत, आणि शेजारच्या पेशी त्यांना निमूट गिळून टाकत. आम्ही त्यांना एक रंग द्यायचो. मग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पट्ट्यावर हिरवे ठिपके पेटलेले दिसत, आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी झाडांवर काजवे दिसतात तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे मरायला लागलेली एक पेशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून 'सुंदर' असा शब्द गेला होता.

हे काम मी का निवडलं ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या घरात तोच रोग होता.

पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला दोन उतार समोरासमोर येतात. एकावर आमची वाडी, दुसऱ्यावर आत्याची. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क, ही रीत दोन्हीकडे पाळलेली. आमच्या मुली तिकडे गेल्या, तिकडच्या इकडे आल्या, आणि रोगही त्याच पायवाटेने ये-जा करत राहिला. ज्यांना तो व्हायचा ती माणसं तरुणपणीच दिवेलागणीनंतर भिंत धरून चालायला लागत. पुढे दिवसाही बाजूचं दिसेनासं होई, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरे. मग नळी बारीक होत जाई.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तो झाला. मला नाही. एकाच आईच्या पोटी कुणाला काय मिळावं हा निव्वळ योगायोग असतो, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. तरी माझ्या वाट्याचं तिने उचललं, ही भावना माझ्या मनातून कधी गेली नाही.

अक्का आत्याच्या मुलाला दिली होती. भावोजी मुंबईत एका गोदामात कामाला. शिमग्याला आणि गणपतीला घरी. वाडीत अक्का आणि तिची एकुलती मुलगी. ही मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली होती त्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आरती उरकून आम्ही ओटीवर बसलो होतो. अक्का तांदूळ निवडत होती. तिला तेव्हा सुपातला खडा दिसायचा, पण सुपाशेजारी ठेवलेली वाटी दिसायची नाही.

"तुजे उंदीर काय म्हणतात रे?" ती म्हणाली.

मी खुशीत होतो. माझा पहिला मोठा प्रयोग नुकताच जमला होता. मी सांगितलं, की उजेडात वाढवलेल्या उंदरांपेक्षा अंधारात वाढवलेल्यांच्या पेशी जास्त दिवस टिकल्या.

"म्हंजे अंधारात ठेवलं का टिकतं."

"हो. निदान उंदरांत तरी."

"नि माणसात?"

"असायला हरकत नाही," मी म्हणालो.

एवढंच. प्रयोगशाळेत कुणी असं विचारलं असतं तर मी शंभर शंका काढल्या असत्या. बहिणीपुढे मला मोठं व्हायचं होतं. तिने सूप खाली ठेवलं आणि थोडा वेळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या जेवढ्या तुकड्याकडे तिला बघता येत होतं तेवढ्याकडे, बघत राहिली.

"मग डोळे पुरवून वापरायला पायजेत," ती म्हणाली. "हिच्या लग्नापर्यंत पुरले म्हंजे झालं. हिला नवरी झालेली बगायची हाय."

मी हसलो. बायका बोलतात तसं बोलली असं धरून चाललो. पण अक्का डोंगरातली बाई. बियाण्याचं भात उपासमार आली तरी खायचं नाही, कणगीत भरून वरून शेणामातीने तोंड लिंपून टाकायचं, हे तिच्या हाडात होतं. नजरही तशीच ठेवता येते, असं तिच्या शिकलेल्या भावाने तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं.

त्यानंतर माझी पीएच.डी. पूर्ण झाली, परदेशी जाऊन आलो, लग्न झालं. घरी जाणं कमी झालं. गेलो तरी आमच्या वाडीवर, आणि अक्काच भेटायला यायची, काळा गॉगल लावून, मुलीचा खांदा धरून. गॉगल हा माझ्या त्या बोलण्याचाच परिणाम आहे हे मला कळत होतं. त्यापलीकडे मी विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी ती पोलादपूरला उतरून एसटीडी बूथवरून फोन करी. "फरक हाय रे," म्हणायची. "डोळ्यास्नी थंड वाटतं."

मग मी तोच प्रयोग दुसऱ्या जातीच्या उंदरांवर केला. त्यांच्यातला दोष वेगळा होता, आमच्या घरातल्या रोगाच्या जास्त जवळचा. अंधाराने काहीही फरक पडला नाही. उजेडातल्या आणि काळोखातल्या पेशी सारख्याच वेगाने मेल्या. हे मी प्रयोगशाळेत त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. काही दिवसांनी अक्काचा फोन आला, "फरक हाय रे," आणि मी "छान" म्हणालो. मला वाटलं, थंड वाटतंय ना, वाटू दे. एवढा आधार कशाला काढून घ्या. त्यानंतर सहा महिने मी असंच 'छान' म्हणत राहिलो.

एका रविवारी भावोजी माझ्या मुंबईच्या घरी आले. चहा घेतला. बराच वेळ कपाशी चाळा करत बसले.

"पोरगी अंगणात अडखळली," ते म्हणाले. "तुमची बहीण म्हणते, हिला पण लागलं. आता जूनपासनं शाळा बंद. तिला पण आत बसवणार."

"आत म्हणजे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला ठाऊक नाय?"

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. वीर स्टेशनला गाडीतून उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती. रिक्षाने महाडला आलो. भाचीसाठी काहीतरी घ्यावं म्हणून बाजारात एका दुकानात शिरलो. घड्याळं, अत्तरं, टॉर्च, चष्मे, सगळा माल मालकाचा भाऊ आखातातून पाठवायचा. मालकाने कुठे निघालात विचारलं. मी वाडीचं नाव सांगितलं.

"अरे वा! आमचं गिऱ्हाईक," तो म्हणाला. "काळे गॉगल तिकडेच खपतात. म्हातारे नेतात, पोरं नेतात. मी म्हटलं, डोंगरात सिनेमाचं शूटिंग चाललंय की काय?"

मी हसायचा प्रयत्न केला. भाचीसाठी घेतलेल्या लाल रिबिनी खिशात घातल्या आणि पोलादपूरची एसटी पकडली.

पुढे जीप, आणि मग चढण. एप्रिलचं ऊन होतं. उतारावरचे राब, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजतात ते तुकडे, काळे पडले होते आणि त्यांच्यातून कुठेकुठे अजून धूर निघत होता. दुपारच्या वेळी आमच्याकडची वाडी गप्प असतेच, पण तरी कुणी भांडं घासतं, कुणी कोंबड्यांना हाकलतं. इथे काही नव्हतं. पहिल्या घराशी पोचलो आणि थांबलो. त्या घराला खिडक्या नव्हत्या. नीट पाहिलं तेव्हा खिडकीच्या जागी चौकटीची धार दिसली. आतलं सगळं शेणामातीने लिंपून टाकलं होतं, कणगीचं तोंड लिंपतात तसं, वरून बोटांचे फराटे. पुढचं घर तसंच. त्याच्या पुढचंही. दारावर पोती. आतून माणसांचा वावर ऐकू येत होता, खोकला, बांगड्या, पाटा सरकवल्याचा आवाज. माझ्या पावलांनी तो थांबायचा. मी पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायचा. भर दुपारी, लिंपलेल्या भिंतींपलीकडून, मी कुठवर आलो हे ती माणसं ऐकत होती.

मला त्या तांबड्या बल्बच्या खोलीची आठवण झाली. नाकं वर करून थांबलेले ते प्राणी. ही खोली मी इथे बांधली होती.

अक्काच्या दारातलं पोतं बाजूला केलं.

"ये," आतून तिचा आवाज आला. "बूट घातलेत म्हंजे तूच. आणि पोतं सोड पटकन, उजेड येतोय."

मी पोतं सोडलं. काहीच दिसेना. हाताने चाचपत भिंतीशी गेलो आणि खाली टेकतो तोच भाचीचा आवाज आला, अगदी जवळून.

"मामा, तिथं नको. तिथं ती बाई बसलीय."

मी उठलो. मी, ज्याने आयुष्यभर दिसतं तेवढंच खरं मानायचं काम केलं, तो चटकन उठून उभा राहिलो.

"कोण बाई?"

"आईला दिसते. हिरवं लुगडं. मला नाय दिसत. पण आपण बसलो का आई ओरडते."

"ओरडणार नाय तर काय, पाव्हण्याच्या मांडीवर बसायचं?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट घर भरलेलं असतं तेव्हाचा थाट होता. "लय येतात रे. बारकी बारकी माणसं, माळ्यावर वळीने बसतात. तांबडे फेटे, पिवळी लुगडी, काय ते रंग! बोलत नायत. खायला मागत नायत. पाव्हणे असावेत तर असे."

"कधीपासून येतात?"

"शिमगा झाला तवापासनं. बघ, सांगत नव्हते? जपलं म्हणून दिसायला लागलं. आदी येवढं साफ कुठं दिसायचं?"

मला हे माहीत होतं. डोळ्याकडून काहीच येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. रंगीत, स्वच्छ, लहान आकाराची, मुकी माणसं. या रोगाच्या शेवटी काहींना ती दिसतात, असं मी वाचलेलं होतं. त्यांत भुतं नाहीत, वेडही नाही. पण ती येतात ती बहुतेक खरी नजर निघून गेल्यावर. अक्का त्यांनाच आपली साठवलेली नजर समजत होती. आणि त्या खोलीत कधी उजेडच येत नसल्यामुळे, बाहेरही काळा गॉगलच असल्यामुळे, खरी नजर कोणत्या दिवशी गेली हे तिलाही कळलं नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. अंधारात सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दुसऱ्या जातीचे उंदीर, सारख्याच मेलेल्या पेशी, अंधाराचा काहीही उपयोग नाही.

"कवा कळलं?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षी. भातं कापायच्या सुमाराला."

"म्हंजे मी फोन केला तवा म्हायत होतं."

"हो."

"नि तू काय म्हणालास?"

"छान म्हणालो."

"व्हय. छान म्हणालास. त्या उंदरांचे डोळे काढून बगितलेस?"

"हो."

"माजे पण काढून बगता आले असते तर लवकर आला असतास."

मी भिंत चाचपत खिडकीची जागा शोधू लागलो.

मी म्हणालो, खिडकी उघडू या. ती घाईने म्हणाली, "आत्ताच नको. हिचं लग्न अजून लांब हाय. एवढं साठवलेलं एकदम कशाला वारेमाप उडवायचं?"

"अक्का, ते साठत नाही. ते भात नाही."

ती उठली. त्या घरात ती कशालाही न अडखळता चालायची. अडखळत होतो तो मी. ती खिडकीपाशी गेली आणि लिंपणावरून हात फिरवला, जिथे तिच्याच बोटांचे फराटे असणार.

"गो, पहार आण," ती मुलीला म्हणाली.

मी पहार मारली. माती वाळून दगड झाली होती. पहिलं ढेकूळ बाहेर पडलं तसा उन्हाचा एक दांडा आत आला, मग दुसरा, आणि मग सगळं लिंपण एकदम खाली आलं. धूळ बसेपर्यंत मी डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा अक्का खिडकीसमोर उभी होती, गॉगल नाही, ऊन सरळ चेहऱ्यावर, आणि पापण्या हलत नव्हत्या. भाची डोळ्यांवर आडवा हात धरून तिच्या पुढ्यात उभी होती. केवढी उंच झाली होती.

"उघडली?" अक्काने विचारलं.

"हो."

"आवाज तर झाला." ती थांबली. "धुकं आल्यागत वाटतंय जरा. पांढरं. पोरी, कुठं हाईस?"

"तुज्या म्होरं."

"म्होरं कुठं?"

"हितं. तुला लागेन इतकी म्होरं."

अक्काने मान थोडी इकडे वळवली, थोडी तिकडे, त्या बारीक नळीत काही सापडतं का ते बघत. मग मान वळवायची थांबली.

"कुणावर गेलीस गो? माज्यावर का बापावर?"

"मला काय म्हायत?" पोरगी म्हणाली. "घरात आरसा तरी दिसतो का?"

अक्का हसली. खरोखर हसली, आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "मला वाटलेलं, शिल्लक हाय," ती म्हणाली.

मी भाचीला उजेडात समोर बसवलं. एक डोळा झाकायला लावला, माझ्याकडे बघ म्हणालो आणि बाजूने बोट हलवत आणलं. बोट तिच्या कानाजवळ असतानाच ती ओरडली, "हललं!" वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. पुढे मुंबईला नेऊन मी तिची नीट तपासणी करून घेतली, तेव्हाही तेच निघालं. त्या दिवशी मी अक्काला एवढंच सांगितलं की हिला सगळं दिसतंय, ही अडखळली ती अंधारातून एकदम उन्हात आली म्हणून. अक्काने मान हलवली. मुलीची शाळा बंद होणार नाही, हे तिने मला न विचारता ठरवलं.

मग ती म्हणाली, "बाकीच्या घरांत चल."

"मी एकटा जातो. चूक माझी आहे."

"तू गेलास तर माफी मागत बसशील. ती माणसं तुजं ऐकून नाय बसली आत, माजं ऐकून बसली. माजा भाऊ शास्त्रज्ञ हाय, असं दारोदार मीच सांगितलं."

आम्ही तिघं निघालो, अक्का मुलीच्या खांद्यावर हात ठेवून पुढे. दोन घरांच्या मधल्या पायवाटेवर ती एकाएकी थांबली आणि बाजूला सरकली, डोक्यावर भारा घेऊन कुणी समोरून येत असेल तर सरकतात तशी. वाट रिकामी होती. ऊन, दगड, करवंदाची जाळी. मुलगीही सवयीने सरकली. मग मीही सरकलो. जे काही जायचं होतं ते जाईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.

पहिल्या दोन घरांत म्हातारी माणसं होती. त्यांनी ऐकून घेतलं, चहा विचारला, खिडकीचं बघू म्हणाली. तिसऱ्या घरात भावोजींचा चुलतभाऊ होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. तो दोन पावसाळे आत बसून होता. बायको नुकतीच बाळंत झाली होती. कोपऱ्यात पाळणा होता आणि त्या काळोखात बाळ चुकचुक आवाज करत होतं. त्याला फक्त दिवेलागणीनंतर दिसत नाही असं बायको म्हणाली, म्हणजे तो रोगाच्या सुरुवातीलाच होता. त्याच्याकडे अजून बरीच वर्षं होती, हे मला कळत होतं.

त्याने सगळं ऐकलं आणि मला काहीच विचारलं नाही. अक्काला विचारलं.

"वैनी, तुम्ही उगडली?"

"उगडली."

"मग? एकदम ऊन लागून गेलं तर? होतं ते पण जाईल. तुम्हाला दिसलं काय?"

मी तोंड उघडलं. अक्काचा हात अंधारात बरोबर माझ्या दंडावर आला आणि घट्ट बसला.

"दिसलं की," ती म्हणाली. "पोरगी माज्यावर गेलीय. हनुवटी तेवढी बापाची."

भाची तिच्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. माझ्या आयुष्यातलं खरं-खोटं मोजण्याचं सगळं शिक्षण त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

तो उठला. मागच्या बाजूला कुदळ शोधत असल्याचा आवाज आला. बायको म्हणाली, बाळाच्या अंगावर माती पडेल, पाळणा आधी बाजूला घ्या. मी पुढे होऊन पाळण्याची एक बाजू धरली, अक्काने दुसरी, आणि आम्ही तो दाराकडे नेऊन ठेवला. मग पहिला घाव बसला.